मापावरची मूठ

काकूच्या तळपायाची आग मस्तकात जायला कधीच फार काही लागायचं नाही, पण त्या हिवाळ्यात निमित्त झालं ते ठिपकीच्या गव्हाणीचं. सून मापटं घेऊन आली, ठिपकीपुढे भरडा ओतला आणि पुढच्या शेळीकडे वळली. काकू गोठ्याच्या दाराशी स्टुलावर बसून बघत होती. मापटं त्याच्या पत्र्याला पडलेल्या पोच्यापर्यंत भरलेलं होतं. फक्त पोच्यापर्यंत! ठिपकी गाभण, दिवस भरत आलेले, पोट दोन्ही अंगांनी असं सुटलेलं की आत एकटं करडू नक्कीच नव्हतं. बाहेर बोचरा वारा, टेकडीवर चरायला जाणं बंद. आणि ही बाई जणू चार साधे दिवस चालले आहेत अशा थाटात भरडा घालते!

काकूनं दात-ओठ खाल्ले. पण बोलली मात्र एक अक्षर नाही.

काकू आणि गप्प! गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. तिला तोंडावर सगळे काकू म्हणायचे आणि पाठीमागे तोफ. नाकावर माशी बसू द्यायची नाही. दूध न्यायला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं एकदा दोनदा हॉर्न वाजवला, तर तिनं त्याला असं भाजून काढलं की तेव्हापासून तो खाली उतरून दारावर हळूच टकटक करायचा. अशा बाईची बोलती ह्या एका ठिकाणी बंद होती, आणि ती बंद करणारा कायदा तिचा स्वतःचाच होता.

त्या घरात मापट्याचा कायदा चालायचा. मापटं ज्याच्या हातात, भरडा किती घालायचा ते त्यानं ठरवायचं. त्याला कुणी विचारायचं नाही, टोकायचं नाही, ‘एवढंच का’ म्हणून भुवईसुद्धा उडवायची नाही. कायदा मूळचा काकूच्या सासूचा. चार जणांनी चार मापं सांगितली तर शेळ्यांच्या पोटाचा उकिरडा होईल, असं ती म्हणायची. काकू लग्न होऊन घरात आली आणि वर्षाच्या आतच सासूनं मापटं तिच्या हातात ठेवलं. मग काकूनं तो कायदा असा राबवला, असा राबवला, की सासूसुद्धा गोठ्यात यायच्या आधी दाराशी खाकरायची.

मापटं पत्र्याचं, कानाला कडी असलेलं. त्याच्या एका अंगाला आत गेलेला पोचा होता आणि तीच खूण. पोच्यापर्यंत म्हणजे गाभण शेळीचं साध्या दिवसांतलं माप. दुभतीला त्याच्या वर, भाकडीला त्याच्या बरंच खाली. हा पोचा सासूबाईंच्या वेळचा, असं काकू ज्याला-त्याला सांगायची, आणि सुनेलाही तिनं तसंच शिकवलं होतं.

बाकी कशात काकूचं नाव नव्हतं. स्वयंपाक जेमतेम, शिवण वाकडं, गळा असा की अंगाईनं पोर जागं व्हायचं. पण शेळ्यांच्या पाठीवरून कुणीही हात फिरवावा आणि खोट काढून दाखवावी! वस्तीतले लोक यायचे विचारायला. एकदा सुतार आला. नवी शेळी घेतली होती त्यानं. आला आणि सरळ म्हणाला, “काकू, शेळीला रोज भरडा किती घालावा?”

“तू रोज किती जेवतोस?”

सुतार गोंधळला. “ते... तसं काही ठरलेलं नाही. काम जास्त असलं की जास्त.”

“मग शेळीनंच काय घोडं मारलंय तुझं? गाभण आहे का? कितवा महिना? दूध देते? किती करडं पितात? दिवसभर टेकडी चढून येते की दाव्याला उभी असते? गोठ्यात वारा शिरतो का? दात शाबूत आहेत? शेजारची ढुशी मारून हिच्या तोंडचं खाते का? यातलं काही बघितलंस?”

“मी आपलं सहज विचारलं...”

“सहज विचारतोय म्हणे! आधी तिच्या पाठीवरून हात फिरव. कणा बोटाला टोचला तर उपाशी ठेवतोयस. कणा सापडलाच नाही तर लाडावून ठेवतोयस. संध्याकाळी डाव्या कुशीतला खळगा बघ, मांडीच्या हाडाच्या पुढचा. तो भरलेला पाहिजे. आणि वाढव-बिढव करशील ती चिमटी-चिमटीनं. एकदम पाटीभर ओतशील तर सकाळी खड्डा खणायला कुदळ घेऊन ये. आता नीघ!”

सुतार पळाला. पण घरी जाऊन त्यानं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, कुशीतला खळगा बघितला, आणि त्याची शेळी सुधारली. तो हे सगळ्यांना सांगायचा. काकूची शिवी आणि डॉक्टरची गोळी सारखीच, असंही सांगायचा, पण ते जरा लांब उभं राहून.

काका अगदी उलट. मूग गिळून गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. काकू भरडा घालून गेली की मागून ते पाण्याच्या बादल्या घेऊन यायचे, एकेका शेळीपाशी थांबायचे, गव्हाण नीट करायचे, निघून जायचे. गोठ्यातलं त्यांचं काम तेवढंच. काकूचं त्यांच्याशी भांडण व्हायचं ते कपडे धुताना. त्यांच्या विजारीचे खिसे उलटे केले की भरड्याचा कोंडा निघायचाच. “खिशात कोंबड्या पाळल्यात का हो?” ती ओरडायची. काका हसायचे आणि बाहेर जायचे. लग्न झाल्यापासून हे असंच चालू होतं.

मग काकू पडली. गोठ्याची फरशी ओली होती, पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण चाल गेली. काठी आली. मापटं सुनेकडे गेलं. लेक ट्रकवर, कधी घरी तर कधी नाही, तेव्हा दुसरं होतंच कोण! काकूनं मापटं दिलं तेव्हा कायदाही दिला. “आता तू ठरवायचंस. मी विचारणार नाही.” मोठ्या तोंडानं बोलून बसली आणि आता दाराशी स्टुलावर बसून स्वतःचीच जीभ चावत होती.

सून म्हणजे काही गरीब गाय नव्हती. बोलायची कमी, पण जबडा असा घट्ट मिटायची की बघणाऱ्याला कळावं, आत बरंच काही शिजतंय. काकूला त्या मिटलेल्या जबड्याचाच जास्त राग यायचा. अगं, भांड की! भांडलीस तर मलाही चार शब्द बोलता येतील!

ठिपकीचा कणा काकूला दारातूनसुद्धा दिसायचा. दिसायचाच, ती शपथेवर सांगायला तयार होती. शेवटच्या दिवसांत करडंच पोटातली जागा अडवतात, शेळीला वैरण पोटभर खाताच येत नाही, म्हणून थोडक्यात जोर देणारं खाणं तिच्या तोंडी पडायला हवं. मापटं देण्याआधी हे सुनेला दहादा शिकवून झालं होतं. तरी रोज तेच. पोच्यापर्यंत. पोच्यापर्यंत! काकू मनातल्या मनात सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन आली.

शेवटी तिनं जे केलं ते तिला स्वतःलाही पटलं नव्हतं. संध्याकाळी सून दुधाचे कॅन गाडीवर चढवायला गेली की काकू काठी टेकत कोठीत शिरायची, जुन्या चहाच्या मगात भरडा घ्यायची, तो शालीखाली लपवायची आणि ठिपकीपुढे रिकामा करायची. आपल्याच घरात, आपल्याच कोठीतून चोरी! रोज मग ओतताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “माझ्यावर ही पाळी आणलीस,” ती दात आवळून पुटपुटायची. ठिपकी मात्र गव्हाणीत तोंड घालून खायची. तिला काय, कुणीही आणा.

आणि त्यात तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळपासून असा वारा सुटला की गोठ्याच्या फटींना पोती लावली तरी शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. काकूनं बघितलं, सकाळी सुनेनं ठिपकीला घातलं पोच्यापर्यंत. आजही! आजच्या दिवशीही! संध्याकाळी काकूचा राग इतका अनावर झाला की तिनं एक मग ओतला, परत कोठीत गेली आणि दुसरा भरून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकी उठली नाही.

सुनेची हाक ऐकून काकू आली तेव्हा ठिपकी कोपऱ्यात एकटी पडली होती. मान लोंबलेली, दात करकर खात होती. रवंथ बंद. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हती. काकू घाबरली, आणि काकू घाबरली की तोंडातून तोफगोळाच निघायचा.

“मारलीस! उपाशी मारलीस माझी शेळी! पोटात जीव वाढतायत तिच्या आणि तू मोजून-मापून घास घालतेस? दिसत नव्हतं तुला? डोळे काय गहाण टाकलेत? भरडा आण! गूळ आण! काहीतरी घाल तिच्या पोटात!”

सून वाटेत उभी राहिली. “काही घालायचं नाही. डॉक्टर येतायत.”

“सर बाजूला!”

“नाही सरणार.”

काकूनं काठी उगारली. खरंच उगारली. काका मध्ये आले, काठी धरली, आणि तेवढ्यात डॉक्टर आला म्हणून बरं. गुरांचा डॉक्टर तरुणच होता, रात्र दुसरीकडे गाय अडली होती तिथं काढलेली, डोळे तारवटलेले. त्यानं ना नमस्कार केला ना चौकशी. गुडघे टेकून बसला, ठिपकीच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवून ढोसलं. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला. मग शेपटीकडे बघितलं. लेंडी नव्हतीच, पातळ काहीतरी होतं आणि त्याला आंबूस वास.

“उपाशी?” तो म्हणाला. “कोण म्हणालं उपाशी? भरडा जास्त झालाय हिला. पोटात आंबलाय सगळा.”

काकूनं काठी खाली टेकली.

“काल दिवसभरात किती घातला?” डॉक्टरनं बॅग उघडली. “नीट सांगा. थोडा असेल तर औषधावर भागेल. बराच असेल तर नळी घालून पोट धुवावं लागेल. आणि फारच असेल तर पोट उघडून काढावा लागेल, मग करडांची आशा सोडायची आणि कदाचित हिचीही. मला आकडा हवाय, अंदाज नकोय.”

सून खाली बघत म्हणाली, “पोच्यापर्यंत एक मापटं. सकाळी.”

“बस? एका मापट्यानं हे होत नाही.” डॉक्टर विचारात पडला. “मग दुसरं काहीतरी असेल. विषारी पाला-बिला खाल्ला का?” आणि तो भलतीच बाटली काढायला लागला.

काकूला ती बाटली दिसत होती. भलती बाटली, भलतं औषध, आणि समोर पडलेली ठिपकी. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द म्हणजे आपणच आपल्या कायद्याच्या छातीवर पाय देणं, आणि तेही ह्या मिटल्या जबड्याच्या पोरीसमोर, जिला आत्ताच आपण खुनी ठरवली! काकूला असा राग आला, असा राग आला, की कुणाचा येतोय हेच तिला कळेना.

“थांब!” ती ओरडली. “ती बाटली ठेव. मी घातलाय. काल संध्याकाळी. दोन मग. आणि त्याआधी रोज एकेक.”

सुनेनं झटकन मान वर केली. “तुम्ही?”

“हो, मी! तू पोटभर घालत नव्हतीस म्हणून!”

“तुम्ही घातलात, आणि मला उपाशी मारलीस म्हणालात? माझ्यावर काठी उगारलीत?” सुनेचा जबडा सुटला तो सुटलाच. “मग ऐका. रोज दुपारी तुमचा डोळा लागला की मी आणखी एक मापटं घालते. काल वारा होता म्हणून काठोकाठ घातलं!”

“चोरून?”

“मग काय तुमच्यासमोर घालू? तुमच्या त्या पोच्याच्या वर बोटभर गेलं तर हात तोडाल माझा! पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला, पोच्यापर्यंत पुरत नाही. पण सांगणार कुणाला? तोफेच्या तोंडाशी कोण जाणार?”

तोफ. तोंडावर. काकूनं श्वास घेतला, पण डॉक्टरच आधी कडाडला.

“भांडण नंतर! इथं शेळी मरतेय! दोन मापटी आणि दोन मग. आणखी कुणी?”

मागे काका पाण्याची बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली, अगदी हळू, जणू तिचाही आवाज व्हायला नको.

“आणि मुठी,” ते म्हणाले. “सकाळी एक, संध्याकाळी एक. काल गार होतं म्हणून दोन-दोन.”

काकू सावकाश वळली. “ठिपकीला?”

“सगळ्यांनाच.”

“कधीपासून?”

काकांनी विजारीच्या खिशावर हात ठेवला. कोंडा निघायचा त्याच खिशावर. “तू आलीस तेव्हापासून,” ते म्हणाले.

डॉक्टरनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “अंदाज तुमचे तिघांचेही बरोबर असतील हो,” तो वैतागून म्हणाला, “पण शेळी एकच आहे ना?” आणि नळी काढली. “पोट धुवायचं. सोड्याचं कोमट पाणी करा, भरपूर. आणि हिचं डोकं कुणीतरी धरा, अजिबात हलता कामा नये. मोठ्यानं बोलायचं नाही, दचकली तर नळी भलतीकडे जाईल.”

डोकं काकूनं धरलं. खुबा ठणकत होता तरी ती फरशीवर बसली, ठिपकीची मान मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी जबडा धरला. आणि त्या बाईवर काय वेळ आली बघा! आयुष्यात कधी नव्हे इतकं बोलायचं होतं, समोर नवरा उभा, जन्मभर फसवणारा, बाजूला सून उभी, तोफ म्हणणारी, आणि मोठ्यानं श्वास घ्यायचीही सोय नव्हती. नळीतून पाणी आत जायचं, बाहेर यायचं, पिवळट, आंबट, त्यात भरड्याचे दाणे. काकू ते दाणे बघत होती. यातले माझे कुठले, पोरीचे कुठले, ह्यांचे कुठले? सगळे सारखेच दिसत होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते रागाचं होतं, आणि नव्हतं असं कुणी म्हणालं असतं तर तिनं तिथेच त्याचा कान उपटला असता.

सून पाणी आणत राहिली. एकदा वाकली तेव्हा तिनं स्वतःची शाल काढून काकूच्या खुब्याखाली सरकवली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

ठिपकी वाचली. दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिली, मग कोरडं गवत हुंगलं, मग एका दुपारी तिच्या गळ्यातून रवंथाचा गोळा वर सरकताना काकूला दिसला. काकूनं कुणाला हाक मारली नाही. गोळा परत खाली जाईपर्यंत बघत बसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ठिपकी व्याली. पहिलं करडू किरकोळ होतं, पण ओरडत आलं. दुसरं मेलेलंच आलं. पूर्ण वाढलेलं, कपाळावर आईसारखाच ठिपका. ठिपकी त्याला बराच वेळ चाटत राहिली. मग काकांनी ते उचललं, पोत्यात गुंडाळलं आणि कुदळ घेऊन मागे गेले. ते कुणाच्या मापानं मेलं, हे कुणी विचारलं नाही, आणि ते न विचारणंच काकूला सहन होईना.

काका हात धुऊन आले तेव्हा ती कोठीत उभी होती. एका हातात काठी, एका हातात मापटं.

“दाखवा.”

“काय?”

“मूठ. रोजची मूठ. घाला ह्याच्यात.”

“अगं, जाऊ दे ना आता.”

“जाऊ दे? माझ्या मापावर शेळ्या जगतात म्हणून मी गावभर मिरवले! सुताराला हाकललं, शेजारणीला हाकललं, पोरीला अक्कल शिकवली! आणि तुम्ही मागून मुठी घालत होतात? हसत असाल मनात! घाला म्हणते ना!”

काकांनी भरड्याच्या पिंपात हात घातला, मूठ भरली, मापट्यात सोडली. काकूनं आत बघितलं. तळ जेमतेम झाकला होता.

“एवढीच?”

“तेव्हा हात मोठा होता,” काका म्हणाले.

काकूनं काठी भिंतीला टेकवली आणि त्यांचा हात धरून उलटा केला. बोटांची पेरं सुजलेली, करंगळी वाकून राहिलेली. मूठ पुरती मिटतच नव्हती. हे आपल्या कधी लक्षात कसं आलं नाही, ह्याचाही तिला राग आला.

“मला का नाही सांगितलंत?” तिचा आवाज अजून चढलेलाच होता. “एवढ्या वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं होतं!”

“उघडलं होतं की.”

“कधी?”

“पहिल्याच हिवाळ्यात. म्हटलं, जरा कमी पडतंय गं. तू हातातलं मापटं फेकून मारलंस. मी वाकलो म्हणून वाचलो, ते भिंतीवर आपटलं.” त्यांनी बोटानं दाखवलं. “तो पोचा तेव्हाचाच आहे.”

“काहीतरी बोलू नका! पोचा सासूबाईंचा आहे.”

“आईचं मापटं नवंकोरं होतं. ती काठाखालच्या रेघेपर्यंत भरायची. तू पोच्यालाच खूण केलीस. मग मी काय करणार? राहिलेलं मी घालायचो.”

काकूला ते आठवत नव्हतं. आठवणार कसं! तिनं आयुष्यात इतक्या वस्तू फेकल्या होत्या की त्यातलं एक मापटं कुठं लक्षात ठेवणार? तिनं मापटं उजेडाकडे नेलं. काठाखाली वर्षांचा मळ बसला होता. तिनं नखानं खरवडला. आत एक रेघ निघाली, सगळीकडून सरळ फिरलेली. पोच्यापासून त्या रेघेपर्यंत किती अंतर आहे, हे तिनं बोटं लावून बघितलं. पुन्हा बघितलं. एक मूठ. त्यांची तेव्हाची मूठ.

काकांना वाटलं, आता मापटं येणार अंगावर, आणि ते सवयीनं जरा वाकलेसुद्धा. ते वाकलेले बघून काकू पिंपाच्या झाकणावर मटकन बसली.

संध्याकाळी सून गोठ्यात आली तेव्हा काकू स्टुलावर होती. दाराशी नव्हे, आत, गव्हाणीपाशी. तिनं मापटं सुनेच्या हातात दिलं.

“घाल,” ती म्हणाली. “आणि किती घालतेस ते मोठ्यानं सांगून घाल. तुम्हीसुद्धा,” हे काकांना. “मुठी मोजून, सांगून. चोरून एक दाणा पडायचा नाही ह्या गोठ्यात. कमी वाटलं तर कमी म्हणायचं. जास्त वाटलं तर जास्त म्हणायचं.”

“आणि तुम्ही चिडलात तर?” सुनेनं विचारलं.

“चिडणारच! मी काय दगड आहे? चिडले तरी बोलायचं.”

सुनेनं मापटं भरलं. ठिपकीच्या शेजारच्या दुभत्या शेळीसमोर उभी राहिली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुशीतला खळगा दाबून बघितला, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “हिला रेघेपर्यंत. तुम्ही शिकवलं होतंत ते फार कमी होतं, आई.”

काकूचे कान लाल झाले. नाकपुड्या फुगल्या. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. काकांनी न बोलता तिच्या हातातली काठी सोडवून घेतली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली.